बैलाची मात्रा आणि बागेतला कुत्रा

पावस-नाचण्याच्या बाजूला कलमांच्या बागेत राखणीचा कुत्रा आणि गोठ्यातली गुरे एकाच आवारात नांदतात. त्यामुळे गोचीड-जंतांसाठी आणलेल्या आयव्हरमेक्टिनच्या कुपीतले दोन थेंब कुत्र्यालाही पाजावेत, असे धन्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. औषध खरोखरच एक आहे, आणि धोक्याचे मूळही नेमके तेथेच आहे.

जपानातील कावाना येथील मातीतून सातोशी ओमुरा यांनी वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले हे द्रव्य १९८१ साली जनावरांसाठी बाजारात आले. १९८७ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या हृदयकृमीवर त्याची मासिक गोळी मंजूर झाली, आणि २०१५ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता. डासाच्या दंशातून कुत्र्याच्या देहात शिरलेली अळी सहा-सात महिन्यांत वाढून हृदयाच्या उजव्या भागात व फुफ्फुसाच्या धमन्यांत ठाण मांडते. गोळी तिला कोवळ्या वयातच मारते, म्हणून ती दरमहा द्यावी लागते.

गुरांना किलोमागे २०० मायक्रोग्रॅम आणि कुत्र्याला या प्रतिबंधापुरते अवघे ६, असा हा हिशेब आहे. गुरांच्या एक टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते आणि दहा किलोच्या कुत्र्याला लागतात ६०. थेंब मिलिलिटरचा विसावा भाग धरला, तरी ते दोन थेंब मिळून १,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे योग्य मात्रेच्या सोळापटींहून अधिक होतात. बहुतेक कुत्री एवढे सोसतात. परंतु कोली व तत्सम जातींच्या अनेक कुत्र्यांत औषधाला मेंदूबाहेर रोखणारे प्रथिन जन्मतःच सदोष असते, आणि त्यांना एवढी मात्रा विषासमान ठरते. संकरित कुत्र्याची वंशावळ कोणाच्याच दप्तरी नसते, हे विसरू नये.

शिवाय हृदयकृमीच्या आपल्या देशातील नोंदी विशेषेकरून ईशान्येकडच्या आहेत. पश्चिम व दक्षिण भारतात प्रामुख्याने आढळतो तो त्याचा भाऊबंद, डायरोफिलेरिया रेपेन्स, जो कातडीखाली राहतो आणि क्वचित माणसाच्या डोळ्यातही उतरतो. अमेरिकेतला रिवाज जसाच्या तसा उचलण्यापूर्वी कुत्र्याच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण रक्तात सूक्ष्म अळ्या आधीच माजलेल्या असतील, तर त्या एकदम मेल्याने कुत्र्याला तीव्र धक्का बसू शकतो.

एवढे करूनही कुपीतले औषध पोटात गेलेच, आणि बाहुल्या विस्फारणे, लाळ गळणे, पाय डगमगणे ही चिन्हे दिसू लागली, तर विलंब न लावता पशुवैद्य गाठावा. या विषावर खात्रीचा उतारा नाही. शिरेतून सलाइन देत आणि श्वास सांभाळत कधीकधी कित्येक दिवस काढावे लागतात. जाताना कुपी लेबलासकट बरोबर न्यावी, म्हणजे पोटात किती औषध गेले याचा हिशेब त्यांना लगेच मांडता येतो.