वीस बाय तीसचा हिशेब

२००१ च्या जनगणनेत औरंगाबाद महापालिकेच्या हद्दीत ८,७३,३११ माणसं होती. २०११ साली ती ११,७५,११६ झाली. दहा वर्षांत तीन लाखांवर भर पडली, म्हणजे दिवसाला सरासरी ८२ माणसं. पाच माणसांचं कुटुंब धरलं तर रोज सोळा नवे संसार. काही इथेच जन्मलेल्यांचे, काही जालना-बीड-परभणीकडून वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांचे. पुढे शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. पण माणसं काही जनगणनेसाठी थांबत नाहीत. रोजच्या या सोळा संसारांना छप्पर लागतं आणि बहुतेकांना ते शहराच्या कडेलाच परवडतं. सातारा-देवळाई, पडेगाव, मिटमिटा, हर्सूल, जिकडे म्हणाल तिकडे.

या कडेला जमीन एकरात विकत घेतली जाते आणि फुटात विकली जाते. एका एकरात ४० गुंठे, एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. पण नोकरदाराला नि कामगाराला गुंठाही झेपत नाही. त्याचा प्लॉट ‘वीस बाय तीस’चा, सहाशे चौरस फुटांचा. आता प्लॉट पाडणाऱ्याच्या जागी बसून गणित करू. तीस फूट खोलीचे दोन प्लॉट पाठीला पाठ लावून आणि पुढे वीस फुटांची गल्ली, असे ऐंशी फुटांचे पट्टे आखले की त्यातले साठ फूट विकायला मिळतात. एकराच्या ४३,५६० चौरस फुटांपैकी पाऊण भाग विकला गेला, प्लॉट निघाले ५४.

हाच एकर नियमानं मंजूर करून घ्यायचा म्हटलं तर आतला रस्ता निदान नऊ मीटरचा, म्हणजे तीस फुटांचा लागतो. वर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. मग प्लॉट निघतात ४३. आडव्या गल्ल्या दोन्हीकडे धरलेल्या नाहीत, तेव्हा दोन्ही आकडे थोडे खाली येतील. फरक मात्र राहतोच. एकरामागे अकरा प्लॉट. एका प्लॉटचा भाव नुसता पाच लाख धरला तरी पंचावन्न लाख रुपये. अशा नामंजूर प्लॉटिंगवर, म्हणजे गुंठेवारीवर, आजवर जेवढी भाषणं झाली, अहवाल निघाले, नोटिसा गेल्या, त्या सगळ्यांपेक्षा हे अकरा प्लॉट जास्त बोलके आहेत. ‘रोड टच, क्लिअर टायटल, समृद्धीपासून दहा मिनिटं’ असं पत्रकावर छापून, इसार घेऊन, शंभर रुपयांच्या बाँडवर व्यवहार उरकणाऱ्याचं पोट या अकरांवर भरतं.

जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून कायदा आला १९४७ साली. पडलेले तुकडे नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा कायदा आला २००१ साली. त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतच्या बांधकामांना त्यात अभय होतं. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. तारीख एकदा सरकते म्हटल्यावर ती पुन्हा सरकेल, या भरवशावर पुढचे प्लॉट विकले जातात. घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. मंजूर लेआउटमधला प्लॉट त्याच्या ऐपतीबाहेर आहे आणि भाड्याच्या खोलीत त्याची उमर चाललेली आहे.

आता कागदावर शंभर एकर घेऊ. एकरी ५४ प्रमाणे ५,४०० घरं, २७,००० माणसं. शहराच्या जुन्या वेगानं ही जेमतेम अकरा महिन्यांची वाढ. एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी, हा नियोजनातला सर्वमान्य आकडा. म्हणजे या वसाहतीला रोज ३६ लाख ४५ हजार लिटर लागणार. जलवाहिनी पोचेपर्यंत ते टँकरनं आणायचं ठरवलं, तर पाच हजार लिटरचे ७२९ टँकर. दिवसाची मिनिटं १,४४०. दर दोन मिनिटांनी एक टँकर वसाहतीत शिरला पाहिजे, रात्रीही, दिवाळीतही. अर्थात इतके टँकर येत नाहीत. म्हणून लोक १३५ लिटर वापरतच नाहीत. निम्म्यात, तिसऱ्या हिश्शात भागवतात. नियोजनाच्या तक्त्यात या काटकसरीला रकाना नाही.

पाणी येतं जायकवाडी धरणाहून, म्हणजे त्याच्या नाथसागर जलाशयातून. नाथसागराचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर. शहराच्या नव्या योजनेची क्षमता दिवसाला ३९ कोटी २० लाख लिटर. वर्षभर पूर्ण क्षमतेनं उपसा केला तरी भरलेलं धरण हे पाणी पंधरा वर्षं पुरवील. (शेती, कारखाने आणि वरच्या-खालच्या जिल्ह्यांची भांडणं बाजूला ठेवून.) नाथसागराचा पसारा सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचा. भरल्या धरणावरून नुसता एक मिलीमीटर पाणी उडून गेलं तरी पस्तीस कोटी लिटर गेले, जवळपास अख्ख्या शहराचं एका दिवसाचं पाणी. आणि उन्हाळ्यात एका दिवसात एकाच मिलीमीटरवर भागत नाही. तेव्हा तुटवडा धरणात नाही. तो धरण आणि नळ यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

मध्ये आहे चढ. धरण काठोकाठ भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर. शहर त्याच्याहून शंभरेक मीटर वर. आपल्या शंभर एकरांचं रोजचं पाणी वजनानं ३,६४५ टन भरतं. ते शंभर मीटर उचलायला, पंपात नि पाइपात कणभरही तूट होत नाही असं धरलं तरी, जवळजवळ एक हजार युनिट वीज लागते. रोज. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या तीनशे घरांची वीज, निव्वळ पाणी वर चढवण्यात. प्रत्यक्षात ती बरीच जास्त जाते. याच शहरात मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधली. तिचं पाणी डोंगराकडून उताराउतारानं आपोआप येत असे. त्याच्या लोकसंख्येला ते पुरलं, आपल्या लोकसंख्येला पुरणार नाही, हे मान्य. पण उतार पाहून गाव वसवावं, एवढी अक्कल त्या काळी होती आणि तिला वीजबिल येत नव्हतं.

मग पाइप. जुन्या दोन मोठ्या जलवाहिन्या ७०० आणि १,४०० मिलीमीटर व्यासाच्या. नवी २,५०० मिलीमीटरची. तिच्यातून बुटका माणूस वाकल्याशिवाय चालत जाईल, उंच माणूसही जाईल. व्यास वाढला की तोंड वर्गानं वाढतं, त्यामुळे हिचं एकटीचं तोंड जुन्या दोघींच्या बेरजेच्या अडीचपट. १,६८० कोटींची ही योजना पुढे २,७४० कोटींवर गेली. भागाकार केला तर दिवसाला दहा लाख लिटर पाण्यामागे सात कोटी रुपये. आपल्या वसाहतीचा वाटा साडेपंचवीस कोटी, एकरी साडेपंचवीस लाख, एका वीस-बाय-तीसमागे सुमारे ४७,००० रुपये. प्लॉट पाडणाऱ्यानं एकरी पंचावन्न लाख जास्तीचे कमावले होते, ते आठवा. त्यातला एक रुपयाही या पाइपात आलेला नाही. पाइपाचा पैसा आला करदात्यांच्या खिशातून, आणि त्यात प्लॉट घेणाराही आलाच.

‘आम्ही बोअर घेऊ’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. पण खाली आहे दख्खनचा काळा पाषाण. भूजलाच्या हिशेबात या खडकाच्या आकारमानापैकी दोन टक्क्यांच्या आसपासच पाणी हाती लागतं असं धरतात. शंभर एकरांखालचा एक मीटर जाडीचा अख्खा थर पिळून काढला तर मिळतं ८१ लाख लिटर. सव्वादोन दिवसांचं पाणी. दहा मीटरचा थर, बावीस दिवस. त्यानंतर बोअर आणखी खाली न्यायची, शेजाऱ्याच्या बोअरशी स्पर्धा करायची आणि गाडीवाल्याला फुटामागे पैसे मोजायचे.

वापरलेल्या पाण्याचं काय? आलेल्यातलं ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होतं, रोज २९ लाख लिटर. ड्रेनेज नसेल तर ते शोषखड्ड्यात, गटारात आणि शेवटी ओढ्यातून खाम नदीत. खाम पुढे गोदावरीलाच मिळते. म्हणजे ज्या नदीतून पाणी हजार युनिट जाळून वर आणलं, तिलाच ते घाण करून परत. १३५ लिटरमधले ४५ लिटर संडासात ओतायचे असतात, त्यासाठी शुद्ध केलेलं सांडपाणी चालतं. तेवढंच वळवलं तर या वसाहतीत रोज १२ लाख लिटर, २४३ टँकर वाचतात. अट एकच: घराघरात पाण्याचे दोन वेगळे पाइप हवेत. घर बांधताना दुसरा पाइप टाकायला फारसा खर्च येत नाही. टाइल्स बसल्यावर तोच पाइप घालायला कुणी तयार होत नाही आणि मी त्या घरात असतो तर मीही झालो नसतो.

वीस फुटी गल्लीचंही तसंच. कागदावर वीस फूट ठीक दिसतात. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी गाडी चढवायचे रॅम्प आणि पायऱ्या तीन-तीन फूट पुढे येतात. राहिले चौदा. एका बाजूला चारचाकी उभी, साडेपाच फूट गेले. उरलेल्या साडेआठ फुटांत पाण्याची लाइन, ड्रेनेज, विजेचा खांब, निळे ड्रम, आणि पाणी सुटलं की नळाला थेट लावलेल्या मोटारीची वायर. अग्निशमनाचा बंबच आठ फुटांच्या वर रुंद असतो. याच शहरात सिडकोनं १९७० च्या दशकापासून वसवलेला एन-वन, एन-टू वगैरे भाग आहे. तिथेही तक्रारी पुष्कळ आहेत, पण जेसीबीला वळायला जागा आहे. आधी रस्ता नि नाली आखली, मग प्लॉट विकले, एवढाच काय तो फरक. जमीनमालकांना एकत्र आणून, प्रत्येकाच्या वाट्यातून रस्त्याला नि मोकळ्या जागेला जमीन काढून उरलेले प्लॉट नीट आकारात परत द्यायची सोय १९६६ च्या नगररचना कायद्यात आहेच. ती पहिलं घर उभं राहण्याआधी स्वस्त असते, ५,४०० घरं झाल्यावर अशक्य.

सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारा आकडा पावसाचा आहे. पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी तासाभरात पन्नास मिलीमीटर पाऊस पडला असं धरू. शंभर एकरांवर दोन कोटी लिटर पाणी पडलं. पूर्वी इथे ज्वारी, तूर होती तेव्हा त्यातलं बरंचसं काळ्या मातीनं प्यायलं असतं. आता स्लॅब आणि काँक्रीट. जवळपास सगळंच वाहून जाणार. दर सेकंदाला ५,६०० लिटर. ज्या वसाहतीला दोन मिनिटांना एक टँकर हवा आहे, तिच्यातून त्या तासात दर सेकंदाला एकापेक्षा जास्त टँकर वाहून जातो आणि जाता जाता खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी करून ठेवतो.

हे पाणी साठवायला एवढी मोठी टाकी आणायची कुठून, असं विचाराल. ती बांधून झालेली आहे. आठवड्यानं पाणी येणं हे या शहराच्या पुष्कळ भागांनी अंगवळणी पाडून घेतलेलं आहे, म्हणून नव्या घराचा पहिला खड्डा हौदाचा. पाच माणसांना आठ दिवस पुरवायचं तर ५,४०० लिटरचा हौद. साधारण सहा बाय सहा फूट, खोली साडेपाच फुटांच्या आत-बाहेर. पार्किंगखाली, वर लोखंडी झाकण. सगळ्या घरांनी असे हौद बांधले तर बेरीज होते दोन कोटी नव्वद लाख लिटर. महापालिकेच्या वीस लाख लिटरच्या चौदा उंच टाक्या लोकांनी पदरच्या पैशानं जमिनीखाली गाडून ठेवल्यासारख्या झाल्या. तासाभराच्या त्या पावसाचं सगळं पाणी त्यांत मावून वर जागा उरते. आणि वीस बाय तीसच्या एका गच्चीवर पन्नास मिलीमीटर पावसात पडतं पावणेतीन हजार लिटर, म्हणजे अर्धा हौद, चार दिवसांचं पाणी. गच्ची वर, हौद खाली, मध्ये फार तर तीस फूट पाइप, जाळी आणि पहिल्या सरीचं मळकं पाणी बाहेर काढणारा एक कॉक.

वर्षाला सरासरी सातशे मिलीमीटर पाऊस धरला आणि सांडलवंड वजा केली, तरी एका गच्चीवरून तीस हजार लिटरच्या आसपास मिळतं, कुटुंबाचं दीड महिन्याचं. त्यानं जायकवाडीची गरज संपत नाही, पण जुलै-ऑगस्टात टँकरवाल्याचा फोन नंबर शोधावा लागत नाही. पावसाचं पाणी साठवण्याची सक्ती बांधकाम नियमावलीत आहेसुद्धा. ती पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला लागू होते. वीस बाय तीसचा प्लॉट ५५.७ चौरस मीटरचा. आपल्या शंभर एकरांतल्या ५,४०० प्लॉटांपैकी त्या नियमात एकही बसत नाही.