नॉर्मल डिलिव्हरी आणि टाक्यांची गोष्ट

"नॉर्मल झाली ना, मग टेन्शन कसलं!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण नॉर्मल डिलिव्हरीतही आईला जखम होते, पहिलटकरणीला तर बहुतेक वेळा थोडीफार होतेच. डॉक्टर तिच्या चार डिग्री मानतात. पहिल्या दोन त्वचा आणि वरच्या स्नायूंपुरत्या. त्या सहसा नीट भरून येतात. तिसऱ्या डिग्रीत गुदद्वार आवळून धरणारा स्नायू फाटतो, चौथीत त्याच्या आतलं अस्तरही. खरा प्रश्न या दोन डिग्रींचा.

धोका कशाने वाढतो? पहिलंच बाळंतपण, चार किलोच्या वरचं बाळ, बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे असणं, कळा देण्याचा टप्पा लांबणं, खांदा अडकणं. चिमटा लावला तर व्हॅक्यूमपेक्षा जास्त. "तिने नीट जोर लावला नाही" हे या यादीत नाही बरं का, घरच्यांनी ऐकून ठेवा!

आता छेद. तो दिला की फाटत नाही, हा समज सरसकट खरा नाही. सरसकट छेद देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये सांगितलंय. सरळ खाली दिलेला छेद त्याच स्नायूच्या दिशेने जातो, म्हणून गरज पडली तर तिरका देतात. कळा देताना त्या जागी कोमट ओल्या कापडाचा शेक दिला तर मोठ्या जखमा कमी होतात. इतका साधा उपाय.

आणि नंतर गॅस किंवा शौच रोखता येत नसेल, तर "होतं असं" म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना सांगा. डिस्चार्ज कार्डवर कितवी डिग्री लिहिलीय तेही विचारा. पुढची डिलिव्हरी नॉर्मल की सिझेरियन, हे ठरवताना तो आकडा लागतो.