खुरपे कुणाच्या हाती, नांगर कुणाच्या मालकीचा?

शेतीच्या अवजारांवर लिहिणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. नांगर किती खोल जावा, वखराच्या पाळ्या किती द्याव्यात, हे सगळे ते सांगतात. पण कोणते अवजार कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्यातला एकही विचारत नाही. आपल्याला मात्र तो विचारलाच पाहिजे.

विदर्भातल्या कापसाच्या शेताचे उदाहरण घ्या. नांगरणी, वखरणी, पेरणी आणि डवरणी ही बैलजोडीची कामे, म्हणजे बैलजोडीवाल्याची कामे. वखराची पास ढेकळे फोडते आणि तणाच्या मुळ्या कापते. डवरा पिकाच्या दोन ओळींमधले तण काढतो, जमिनीच्या भेगा बुजवतो आणि ओल टिकवतो. पण रोपाच्या बुडाशी उगवलेल्या तणापर्यंत डवरा पोहोचत नाही. तिथे खुरपे लागते. ते हातात घेऊन दिवसभर उकिडवे बसून पुढे सरकत जाणारी बाई बहुधा भूमिहीन असते, आणि कितीतरी गावांत ती आपल्याच वस्तीतली असते. सर्वात स्वस्त अवजार, सर्वात कमी मजुरी आणि सर्वात जास्त कंबरदुखी, असा हा हिशेब आहे. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. निंदणाच्या धुऱ्यापर्यंत तो पोहोचलाच नाही!

हे नशीब आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या भाजीपाल्याच्या मळ्यांत मजुरांना आखूड दांड्याची कुदळी देत असत. खुरपणी आणि विरळणी तिनेच व्हायची. हे मजूर प्रामुख्याने मेक्सिकन होते. दिवसभर वाकून त्यांचे कणे कायमचे निकामी होत. लांब दांड्याने पीक खराब होते, असे मळेवाले म्हणत. खरी गोष्ट वेगळी होती. मजूर वाकलेला असला की तो काम करतो आहे, हे मुकादमाला लांबूनच दिसे. मजूर संघटित झाले, न्यायालयात गेले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या आणि १९७५ साली त्या कुदळीवर बंदी आली. शेती काही बुडाली नाही. माणसे मात्र ताठ उभी राहिली.

आपल्याकडे यावर तणनाशकाचा उतारा सांगितला जातो. ऐन हंगामात मजूर मिळत नाही, ही लहान शेतकऱ्याची अडचण खरी आहे. परंतु औषध मारले की निंदणाची मजुरी गेली, आणि निंदताना ओटीत जमणारी माठ, घोळ, केना यांची भाजीही गेली. शिवाय पाठीवर पंप कुणाच्या येतो? पुन्हा मजुराच्याच! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती. पण पंप तोच आणि पाठही तीच. ग्लायफोसेट हे तणनाशक माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेले म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली वर्गीकृत केले. हे त्या मजुराला कुणी सांगितले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. नुसता जमिनीचा तुकडा मोठा केल्याने शेती किफायतशीर होत नाही. जमीन, श्रम आणि अवजारे-भांडवल यांचे प्रमाण जुळावे लागते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावाने ती सामुदायिक कसावी, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खते, बियाणे राज्याने पुरवावीत, अशी घटनात्मक तरतूदच मागितली. जमिनीबरोबर अवजार दिले नाही, तर जमिनीचा मालकही दुसऱ्याच्या दारात बैल मागायला जातो, हे आपण गावोगाव पाहतो.

२००४ साली सुरू झालेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमिनीची तरतूद झाली. पुढे बचत गटांना मिनी ट्रॅक्टर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर यांसाठी ९० टक्के अनुदानाची योजना आली. कागदावर गट आपला आणि ट्रॅक्टर भलत्याच्याच दारात, असे होऊ देऊ नका. यंत्र आले तरी डोके वापरावे लागतेच. हराळी-लव्हाळ्याच्या ओल्या रानात रोटाव्हेटर फिरवला तर मुळ्यांचे तुकडे होऊन तण आणखी पसरते. उन्हाळ्यात खोल नांगरून मुळ्या आणि गाठी उन्हात वाळवाव्यात, वेचून काढाव्यात. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांनी सायकलच्या चाकाचा डवरा गावच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावा. उभे राहून चालवता येतो, आणि बायाही तो चालवतात.

तण मुळासकट उपटावे लागते, वरवर कापून भागत नाही, हे आपल्या आया-बहिणींना पुस्तक न वाचताच कळते. विषमतेचेही तसेच आहे. त्यांच्या हाती लांब दांड्याचे अवजार आणि नावावर सातबारा आला पाहिजे. त्यासाठी ग्रामसभेत, तालुक्याच्या कचेरीत आणि समाजकल्याणच्या दारात आपण केव्हा उभे राहणार?