पलसाण्याच्या चौफुलीवरून

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता सुरत जिल्ह्यात पलसाण्यापाशी धुळ्याकडून येणाऱ्या रस्त्याला छेदतो. दिवाळी उलटली की साक्री-नवापूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या याच रस्त्याने बारडोली-चलथाणच्या कारखान्यांकडे उतरतात. बिऱ्हाडाबरोबर पोरेही येतात. येथील शाळा गुजराती माध्यमाची. मूल वर्गात बसले तरी पाटी कोरीच राहते आणि शाळेचे अर्धे वर्ष फडात सरते. 1928 साली याच मुलखाने सारावाढीपुढे सरकारला नमविले, त्याचा अभिमान आम्हांस आहेच. परंतु त्या विजयातले फारसे काही शेतात राबणाऱ्या हळपतीच्या पदरात पडले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

अशा घरातील मूल डॉक्टर होऊ शकते काय? याच साक्री तालुक्यातील सामोडे गावच्या भिल्ल घरात डॉ. राजेंद्र भारूड जन्मले. आईने मोहाची दारू विकून मुले वाढविली. पुढे नवोदय विद्यालय लाभले, मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि पदवी हाती आली. ते सनदी सेवेत गेले म्हणून हळहळणारे भेटतात. पण नंदुरबारचे जिल्हाधिकारी या नात्याने 2021 च्या लाटेत त्यांनी केलेली प्राणवायूची तजवीज आठवली की ती हळहळ ओसरते.

मात्र या कथेतील कळीचा शब्द 'नवोदय' हा आहे: राहण्याची सोय, दोन वेळचे अन्न आणि वेळीच भेटलेला विज्ञानाचा शिक्षक. राखीव जागा आहेत, पण त्यांच्या आधी 'नीट'चा उंबरठा आहे. 720 गुणांपैकी निम्मे जीवशास्त्राचे. 2017 पासून प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हे योग्यच झाले. परंतु महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला अकरावीचे विज्ञान बहुधा एकाएकी इंग्रजीतून गिळावे लागते. शहरातील मूल तो घास खासगी शिकवणीच्या बळावर पचविते. तिची फी लाखाच्या घरात. ऊसतोड्याने ती कोठून आणावी?

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील तरुणांनी 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' या नावाने गरीब मुलांना या परीक्षेची मोफत शिकवण देण्यास आरंभ केला, मेळघाटातील आदिवासी मुलांसाठी 'उलगुलान' ही तुकडी काढली आणि त्यांतील मुले वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोचली. शिकविणारे स्वतः नुकतेच त्या परीक्षेतून गेलेले. मूल कोठे अडते हे त्यांना ठाऊक.

सुरतेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1964 पासून आहे, महापालिकेचे दुसरेही आहे. तेथील विद्यार्थ्यांनी ऊसतोडीच्या हंगामात रविवारचे चार तास पलसाणा-बारडोलीकडच्या आठवी-नववीच्या मुलांना द्यावेत, आणि सुरतेत कापडाच्या धंद्यावर स्थिरावलेल्या मराठी मंडळींनी त्या मुलांच्या निवासाचा व भोजनाचा भार उचलावा, अशी आमची सूचना आहे. एखादे मंगल कार्यालय आठवडाभर रिकामे असतेच. येत्या दिवाळीनंतर पहिली टोळी उतरेल, त्यापूर्वी ही तयारी व्हावी.