मध्यरात्रीचा दरबारी आणि वेणू

श्रावण वद्य अष्टमीस घरोघरी पाळणा सजतो आणि बाळकृष्णाच्या हाती वीतभर मुरली दिली जाते. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील एकविसाव्या अध्यायास ‘वेणुगीत’ म्हणतात. त्यावर निरूपण करताना आम्ही कीर्तनकार वेणूचे माहात्म्य तोंड भरून सांगतो. पण रागसंगीताच्या मैफलीत तिला स्वतंत्र आसन मिळाले ते विसाव्या शतकात, हे सहसा सांगत नाही.

शास्त्राने तिची उपेक्षा केली होती, असे नव्हे. अंबाजोगाईस ज्या सेनापती खोलेश्वराचे शिलालेख आहेत, त्याचा स्वामी यादवराजा सिंघण. त्याच सिंघणाच्या आश्रयाने देवगिरीस शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या वाद्याध्यायात फुंकीचे रंध्र व पहिले स्वररंध्र यांतील अंतर अंगुळांत मोजून वंशांना एकवीर, उमापती, त्रिपुरुष, चतुर्मुख अशी संख्यासूचक नावे दिली आहेत. एवढा सूक्ष्म विचार आपल्याच भूमीत झाला होता!

तरीही पुढे बासरी गुराख्याची व जत्रेतली ठरली. आखूड बांबूचा स्वर उंच. त्यातून मंद्र सप्तकाचे गांभीर्य कसे निघावे? ही उणीव भरून काढली ती पन्नालाल घोष यांनी. 1911 साली बारिसालला जन्मलेला हा साधक 1940 मध्ये मुंबईस आला आणि 1947 पासून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचा शिष्य झाला. सुमारे बत्तीस इंच लांबीची बासरी त्यांनी घडविली, तिला सातवे रंध्र दिले. सहाही रंध्रे झाकली की मंद्र पंचम. करंगळीने सातवे झाकले की त्याखालचा तीव्र मध्यम.

त्यांचे दरबारी कानड्याचे ध्वनिमुद्रण ऐकावे. हा राग मुळात मंद्राचा, आणि त्यातला आंदोलित कोमल गांधार म्हणजे गवयाचीही परीक्षा. येथे तो अर्ध्या झाकलेल्या रंध्रातून, बोटाच्या पेराने, श्वास न थरथरता हलतो. 1960 मध्ये, पन्नाशीही न गाठता, पन्नालालजी गेले. हरिप्रसाद चौरसिया प्रभृतींनी बासरी जगभर नेली. पण पन्नालालजींचा स्वतःचा श्वास आता ध्वनिमुद्रणांतच उरला आहे.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. उत्सवमंडपात कीर्तनापूर्वी लोक जमेपर्यंत बासरीचे मुद्रण लावतात आणि टाळ आले की ते आलापाच्या मध्येच तोडतात. देवाच्या हातच्या वाद्याची ही संभावना बरी नव्हे. दरबारी हा मध्यरात्रीचा राग, आणि कृष्णजन्माची वेळही तीच. पाळणा म्हणून झाला, सुंठवडा वाटला, मुले निजली, की घरातील वडीलधाऱ्यांनी समईजवळ बसून हे मुद्रण लावावे. आवाज मंद ठेवावा, तंबोरा ऐकू येईल इतकाच.