फोन उठवणारी फाईल

फोन चालू केला की कंपनीचं नाव झळकतं, स्क्रीन काळी होते, पुन्हा नाव झळकतं आणि हेच चक्र चालू राहतं. दुरुस्तीच्या दुकानात या आजाराला ‘हँग ऑन लोगो’ म्हणतात. काच शाबूत, बॅटरी भरलेली, बोर्डावर पाण्याचा डाग नाही की जळाल्याचा वास नाही, तरी फोन पुढे सरकत नाही. अशा वेळी कारागीर सोल्डरिंग आयर्न हातात घेत नाही. तो मॉडेल नंबर बघतो, कॉम्प्युटरवर त्या मॉडेलची फाईल काढतो, केबल जोडतो आणि ‘सॉफ्टवेअर मारतो’. सगळं नीट जमलं तर थोड्या वेळाने फोन नवा खोका उघडल्यासारखा ‘भाषा निवडा’ म्हणत उभा राहतो.

दिसायला हे काम एका क्लिकचं. पण त्या क्लिकआधी दोन गोष्टी हाताशी लागतात: योग्य फाईल आणि ती लिहिण्याची मुभा. गेल्या वीस वर्षांत पहिली गोष्ट मिळणं सोपं होत गेलं आणि दुसरी मिळणं अवघड होत गेलं. फ्लॅशिंगच्या या धंद्यातले बहुतेक पेच त्यातूनच आले आहेत.

सगळं पुसलं तरी उरतं ते

फर्मवेअर म्हणजे कारखान्यात फोनच्या मेमरीत लिहून दिलेले मूळ प्रोग्रॅम. त्यात अँड्रॉइड किंवा आयओएस तर असतंच, शिवाय फोन जागा करणारा बूटलोडर, टॉवरशी बोलणाऱ्या मोडेमचा प्रोग्रॅम असे अनेक तुकडे असतात. हे सगळं राहतं फ्लॅश मेमरीवर. ती तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी विकसित केली आणि १९८४ मध्ये जगापुढे मांडली. आजच्या फोनमध्ये असते ती नँड जात त्यांनी १९८७ मध्ये पुढे आणली. वीज गेली तरी लिहिलेलं टिकतं आणि विजेनेच ते पुसून पुन्हा लिहिता येतं, हे या मेमरीचे दोन गुण. पुन्हा लिहिता येतं म्हणून फोन दुरुस्त होतो आणि त्याच कारणाने तो बिघडतोही. अपडेट अर्ध्यात तुटलं, मेमरीचा एखादा भाग झिजला, दुसऱ्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर पडलं, की फोन सुरू व्हायचा थांबतो.

तो कुठे थांबतो हे कळायला फोन सुरू कसा होतो ते पाहावं लागतं. बटण दाबल्यावर सर्वांत आधी प्रोसेसरमध्येच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम चालतो, तो बूट रॉम. चिप घडवतानाच तो पक्का होतो. नंतर कंपनीलाही त्यात अक्षर बदलता येत नाही. तो मेमरीतून पुढच्या टप्प्याचा प्रोग्रॅम उचलतो, त्यावरची कंपनीची डिजिटल सही तपासतो आणि ती खरी असेल तरच सूत्रं त्याच्या हाती देतो. मग तो टप्पा त्याच्या पुढच्याची सही तपासतो. असं करत करत शेवटी होम स्क्रीन दिसते. मधली एक कडी निखळली की गाडं तिथेच अडतं.

कारागिराचा भरवसा असतो तो बूट रॉमवर. मेमरीतलं सगळं पुसलं गेलं तरी तो उरतो, आणि पुढचा टप्पा सापडला नाही तर यूएसबीकडे कान लावून बसतो. म्हणून ‘डेड’ म्हणून आलेला काळाठिक्कर फोन केबलला लावल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘क्वालकॉम एचएस-यूएसबी क्यूडीलोडर ९००८’ ही ओळ उमटली, की काम होण्यासारखं आहे हे कारागिराला कळतं. मीडियाटेकच्या फोनमध्ये याच अवस्थेला ‘बीरॉम’ म्हणतात, आयफोन आणि आयपॅडमध्ये ‘डीएफयू’.

बूट रॉम बदलता येत नाही याला दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘चेकमेट’ नावाची त्रुटी जाहीर झाली. आयफोन ४एस पासून आयफोन एक्सपर्यंतच्या चिपमध्ये ती होती. ती बूट रॉममध्येच असल्याने विकल्या गेलेल्या फोनमधून कुठल्याही अपडेटने ती काढता आली नाही.

चार रकाने आणि एक सातबारा

हा धंदा आपल्याकडे फोफावला तो नोकियाच्या काळात. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० सारख्या फोनची बॅटरी काढली की आत छोटे सोनेरी ठिपके दिसत. त्यांवर पिना टेकवायच्या, वायरचं दुसरं टोक जेएएफ किंवा यूएफएस नावाच्या बॉक्सला आणि बॉक्स कॉम्प्युटरला. कंपनीने सर्व्हिस सेंटरसाठी बनवलेलं ‘फिनिक्स’ सॉफ्टवेअरही बाजारात पसरलेलं होतं. पुढच्या मॉडेलांत फायली तीन झाल्या: एमसीयू म्हणजे मुख्य प्रोग्रॅम, पीपीएम म्हणजे त्या त्या प्रदेशाच्या भाषा, सीएनटी म्हणजे वॉलपेपरसारखा वरचा ऐवज. पीपीएम चुकली तर फोन व्यवस्थित चालू व्हायचा, पण मेनूत आपल्याकडच्या भाषा सापडायच्या नाहीत. परवानगीचा प्रश्न तेव्हा फारसा नव्हता. बॉक्स ज्याच्याकडे, फोन त्याला उघडा.

सॅमसंगचे अँड्रॉइड फोन आले तेव्हा कारागिरांच्या हाती ‘ओडिन’ आलं. ग्राहकांसाठी कंपनीने ते कधी काढलं नव्हतं. आतल्या वापराचं हत्यार बाहेर आलं आणि जगभर गेलं. त्याच्या खिडकीत चार मुख्य रकाने असतात. बीएलमध्ये बूटलोडर, एपीमध्ये मुख्य सिस्टिम, सीपीमध्ये मोडेम आणि सीएससीमध्ये देशानुसार बदलणाऱ्या सेटिंग. शेवटच्या रकान्यासाठी गठ्ठ्यात दोन फायली मिळतात. नुसती सीएससी टाकली तर फोनमधले फोटो, मेसेज सगळं साफ होतं. ‘होम सीएससी’ टाकली तर ते राहू शकतं. घाईत पहिलीवर क्लिक झालं की गिऱ्हाइकाच्या मुलीच्या बारशाचे फोटो गेलेच. हल्ली मेमरीतला मजकूर कुलूपबंद रूपात साठवला जातो आणि पुसताना त्याची किल्लीही पुसली जाते, त्यामुळे नंतर चिप काढून वाचली तरी हाती काही लागत नाही. सगळं सुरळीत झालं तर ओडिनच्या चौकोनात हिरव्या रंगावर ‘पास’ येतं. लाल ‘फेल’ आलं तर जुना माणूस आधी केबल बदलून बघतो.

स्वस्त फोन आणि टॅबलेटांत पुष्कळदा मीडियाटेकची चिप असते आणि तिच्यासाठी एसपी फ्लॅश टूल. तिच्या फर्मवेअरबरोबर ‘स्कॅटर’ नावाची एक साधी मजकूर-फाईल येते. मेमरीतला कोणता विभाग कुठल्या पत्त्यापासून सुरू होतो आणि त्याची लांबी किती, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. स्कॅटर म्हणजे त्या मेमरीचा सातबारा. दुसऱ्या मॉडेलचा उतारा लावला की एकाची हद्द दुसऱ्याच्या रानात घुसते आणि फोन बसतो. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या फोनच्या आत वेगवेगळे बोर्ड निघतात, त्यामुळे खोक्यावरचं नाव बघून फाईल टाकणारा हमखास फसतो.

याच टूलमधले तीन पर्याय नवख्याची परीक्षा घेतात: ‘डाउनलोड ओन्ली’, ‘फर्मवेअर अपग्रेड’ आणि ‘फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड’. तिसरा पर्याय सगळं रान नांगरून काढतो आणि त्यात एनव्हीरॅम हा विभागही जातो. फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, वायफाय आणि ब्लूटूथचे पत्ते, रेडिओची कारखान्यात केलेली बारीक जुळवणी हे सगळं तिथे असतं. प्रत्येक फोनचं ते वेगळं असल्याने कुठल्याच फर्मवेअर फाईलमध्ये ते मिळत नाही. मग फोन झोकात चालू होतो, पण नेटवर्क येत नाही आणि वायफायच्या यादीत ‘एनव्हीरॅम वॉर्निंग’ अशी ओळ दिसत राहते. म्हणून मुरलेला कारागीर आधी या विभागाची प्रत काढून ठेवतो आणि मगच लिहायला घेतो.

कधी सगळं बरोबर करूनही फोन लोगोवरच येऊन थांबतो. तेव्हा दोष लिहिण्यात नसतो, ज्यावर लिहायचं त्या चिपमध्ये असतो. २०१२ मध्ये आलेल्या गॅलक्सी एस३ चे काही फोन असेच अचानक बंद पडले. मेमरीच्या चिपचं स्वतःचंही एक छोटं फर्मवेअर असतं आणि त्यातच चूक होती. अशा ठिकाणी फाईलचा इलाज संपतो आणि बोर्ड किंवा चिप बदलण्याचा सुरू होतो.

सही कोणाची

ॲपलने फाईल कधीच लपवली नाही. आयफोन-आयपॅडचं फर्मवेअर ‘आयपीएसडब्ल्यू’ नावाच्या एकाच गठ्ठ्यात येतं आणि कंपनीच्या सर्व्हरवरून कोणालाही उतरवता येतं. २००७ च्या पहिल्या आयफोनची फाईल १०० एमबीच्या आत होती; आज ती कित्येक जीबींची असते. बॉक्स लागत नाही, मॅकवर फाइंडर आणि विंडोजवर आयट्यून्स पुरतं. पण २००९ च्या आयफोन ३जीएसपासून ॲपलने नवी व्यवस्था आणली. रिस्टोअर सुरू होताच फोनचा स्वतःचा क्रमांक कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, सर्व्हर फक्त त्या फोनपुरती आणि त्या आवृत्तीपुरती सही देतो, आणि सही मिळाली तरच फोन स्वतःवर लिहू देतो. नवी आवृत्ती आली की काही दिवसांत जुनीवर सही देणं बंद होतं. मग जुनी फाईल हार्ड डिस्कवर जपून ठेवून काही साधत नाही.

परतीचा रस्ता उघडा असण्याची किंमत ॲपललाही एकदा कळली आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आलेल्या आयओएस ८.०.१ ने आयफोन ६ आणि ६ प्लसचं नेटवर्क आणि टच आयडी बंद पाडले. कंपनीने अपडेट मागे घेतलं आणि लोकांना आयट्यून्समधून आयओएस ८ पुन्हा टाकायला सांगितलं. हे शक्य झालं कारण आधीच्या आवृत्तीवर सही चालू होती. उलट बाजू २०१६ मध्ये दिसली. बाहेरच्या दुकानात होम बटण बदललेले फोन अपडेट किंवा रिस्टोअर करताना ‘एरर ५३’ दाखवून ठप्प होऊ लागले. ॲपलने माफी मागून दुरुस्त आवृत्ती काढली. तरी या प्रकरणात २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

अँड्रॉइडच्या जगात हाच पेच वेगळ्या रूपात आला. २०१८ च्या रेडमी नोट ५ प्रो मध्ये जुनी आवृत्ती टाकण्याला अटकाव करणारी यंत्रणा आली. सवयीने मागची फाईल टाकणाऱ्यांचे फोन पूर्ण बंद पडले. आता त्यांना उठवायचं तर बोर्डावरचे दोन ठिपके चिमट्याने जोडून ९००८ च्या अवस्थेत नेता येतं. पण तिथे लिहायला कंपनीने मान्य केलेलं खातं लागतं. हे खातं सर्व्हिस सेंटरकडे असतं, गल्लीतल्या कारागिराकडे नसतं. परिणामी ‘ऑथ’ नावाचा एक समांतर बाजार उभा राहिला. कारागीर पैसे मोजतो, कुठलातरी अनोळखी माणूस रिमोटवरून त्याच्या कॉम्प्युटरवर येतो, आपल्या खात्याने कुलूप उघडतो आणि निघून जातो. फाईल फुकट, मुभा भाड्याने.

तीन कुलपं

कंपन्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे. जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोकं असतात आणि मागे जाऊ दिलं की ती पुन्हा उघडतात. शिवाय चोरीचा फोन धुऊन पुसून विकण्याचा सगळ्यात सोपा मार्ग फ्लॅशिंगच होता. २०१३ मध्ये ॲपलने ॲक्टिव्हेशन लॉक आणलं, २०१५ मध्ये अँड्रॉइडने तसंच संरक्षण दिलं, आणि तेव्हापासून फर्मवेअर नव्याने टाकलं तरी फोन जुन्या मालकाचं खातं विचारतो. आयएमईआय बदलणं भारतात २०१७ च्या नियमांनी गुन्हा ठरवलं. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हरवलेला फोन सगळ्या नेटवर्कवर बंद करणारी सीईआयआर ही सरकारी यंत्रणा आधी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर गेली. परक्याचं खातं ओलांडून देणारा किंवा आयएमईआय बदलून देणारा दुकानदार या व्यवसायाला बट्टा लावतो, हे प्रामाणिक कारागीरही मान्य करतात.

पण इथे तीन वेगवेगळी कुलपं एकाच किल्लीत अडकवलेली दिसतात. पहिलं मालकाच्या मजकुराचं, दुसरं चोरीविरुद्धचं, तिसरं लिहिण्याचं. पहिली दोन मालकासाठी आहेत आणि ती असायलाच हवीत. तिसरं मालकाला काय देतं? कंपनीची चालू फाईल, कंपनीच्याच सहीसह, त्याच मॉडेलमध्ये जात असेल तर भोक उघडत नाही, चोराचाही फायदा होत नाही; सही फोन स्वतः तपासतो आणि खातं नंतर विचारतोच. मग ती टाकणारा हात कोणाचा आहे याने फरक पडू नये.

काही ठिकाणी हे पटू लागलं आहे. गूगल २०११ पासून आपल्या फोनच्या मूळ फायली सर्वांसाठी ठेवतं आणि पुढे थेट ब्राउझरमधून फोन पूर्ववत करण्याची सोय दिली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटसाठी लागू झालेल्या नियमांत, सुटे भाग बदलताना लागणारं सॉफ्टवेअर आणि फर्मवेअर व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना भेदभावाशिवाय मिळावं, अशी अट आहे. भारतात २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल सुरू केलं आणि मोबाईल-टॅबलेटला चार मुख्य क्षेत्रांत स्थान दिलं. ग्राहकाला हा हक्क स्क्रीन आणि बॅटरीपुरता वाटतो. त्या यादीत फर्मवेअरही सुटा भाग म्हणून बसायला हवं, कारण बाकी सगळे भाग शाबूत असतानाही एवढ्या एका भागावाचून फोन भंगारात जातो, आणि हाच एक भाग असा आहे की ज्याची प्रत काढायला कंपनीला पुन्हा कारखाना चालवावा लागत नाही.