पायांखालची नक्षी

बोरी बुद्रुक येथील एका जुन्या घराच्या ओसरीवर, सपाट असूनही घनाकृतींचा खट्याळ आभास निर्माण करणारी सिमेंटची रंगीत फरशी पाहिली आणि रोजच्या वहिवाटीतही सौंदर्य किती निमूटपणे नांदते, याचा प्रत्यय आला.

ही फरशी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात धातूची जाळी ठेवून तिच्या कप्प्याकप्प्यांत रंग मिसळलेले पातळ सिमेंट ओततात. मग जाळी अलगद उचलून, वर सिमेंट-वाळूचा थर देऊन, यंत्राने दाबून फरशी पाण्यात मुरवतात. रंगाला स्वतःची जाडी असल्यामुळे वर्दळीने पृष्ठभाग झिजला, तरी नक्षी टिकते.

मुंबईत १९२२ साली स्थापन झालेल्या भारत टाइल्सने हा हुन्नर स्वदेशीच्या प्रेरणेने जोपासला.

आपल्या घरी अशी फरशी आहे काय?